नवीन काय आलं?

वाचनालयात पुस्तक परत करताना माणूस हमखास विचारतो तो प्रश्न हा. नाशकात विचारा, सिन्नरला विचारा, प्रश्न तोच. उत्तर द्यायची रीत मात्र ज्या त्या वाचनालयाची. कुठे दाराजवळच्या टेबलावर नवी पुस्तकं मांडून ठेवतात. चाळायला मोकळीक, घरी न्यायला आठ दिवस थांबा. कुठे फळ्यावर खडूने नावं लिहितात, आणि त्यातलं सगळ्यात ताजं नाव मागच्या शिमग्याचं असतं. कुठे देवघेवीच्या खिडकीतला माणूसच चालतीबोलती यादी असतो. "ताई, तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवलंय" असं म्हणणारा एक जरी माणूस तिथे असला, तरी वर्गणी वाढल्यावर सभासद फारशी कुरकुर करत नाहीत.

आमचं 'सावाना', म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० साली स्थापन झालं. देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १८५३ला. गाडी नव्हती तेव्हापासून या गावात कुणी ना कुणी हा प्रश्न विचारत आलंय. मी तो हल्ली खिडकीशी कमी विचारते. सकाळी चहा उकळेस्तोवर फोनवरचं फीड, म्हणजे वेबसाइटवरच्या नव्या नोंदींची यादी, वाचायचं ॲप उघडते आणि कुठल्या ग्रंथालयात काय दाखल झालं ते बघून घेते. या फीडचं जुनं नाव आरएसएस. पण नाशकात ती तीन अक्षरं उच्चारली की गप्पा थेट सकाळच्या शाखेकडे वळतात, म्हणून मी फीडच म्हणते.

फीड हे कुणाला जुनाट प्रकरण वाटेल. वाटू दे. सध्या बहुतेक वाचनालयांचं उत्तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतं, आणि तिथे ते कसं येतं ते पाहिलं की जुनाटपणाची किंमत कळते. मी सभासद असलेल्या एका वाचनालयाचा (नाव राहू दे) असा ग्रुप आहे. महिन्याकाठी ग्रंथपाल तिथे नव्या पुस्तकांचे फोटो टाकतात. मुखपृष्ठं टेबलावर शेजारी शेजारी मांडून वरून काढलेला फोटो, त्यात ट्यूबलाइटची तिरीप. त्याच्या आधी सुप्रभात, नंतर एकादशीच्या शुभेच्छा, मग मखमलाबाद शिवारातले एनए प्लॉट, मग "कृपया ग्रुपवर जाहिराती टाकू नयेत", मग त्या सूचनेला सतरा अंगठे. पुस्तकांची नावं फोटोच्या आत अडकलेली असल्यामुळे महिनाभराने लेखकाचं नाव टाकून शोधावं तर हाती काही लागत नाही. शिवाय आपला नंबर सगळ्यांना दिसतो. अनेक जणी केवळ तेवढ्यासाठी ग्रुपमध्ये येत नाहीत, हे त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या ध्यानातही आलेलं नाही. आणि एका ग्रुपात माणसं मावतात १०२४. सार्वजनिक संस्थेनं आपलं सांगणं अशा बंद दाराआड का ठेवावं, हे मला कळत नाही.

फीडला दार नाही. वेबसाइटच्या पोटात साध्या मजकुराची एक फाइल असते. सगळ्यात नवी नोंद वर, त्याआधीची खाली. प्रत्येक नोंदीला शीर्षक, दुवा, तारीख, चार ओळींचा मजकूर आणि तीच नोंद दोनदा दिसू नये म्हणून एक ओळखखूण. बस. माझं ॲप ठरावीक वेळाने त्या फाइलीपाशी जातं आणि विचारतं, मागच्या खेपेनंतर काही बदललं का? बदललं नसेल तर समोरचा सर्व्हर '३०४' एवढंच सांगतो, म्हणजे बदल नाही, आणि फाइल पाठवतसुद्धा नाही. खातं काढा, नंबर द्या, अटी मान्य करा, असलं काही नाही. दारातल्या फळ्यापुढे कोण कोण उभं राहून गेलं याची वही ग्रंथपाल ठेवत नाही, तसंच हे.

आणि फीड संपतं! ही गोष्ट फोनवर दुर्मीळ झाली आहे. सगळ्या नव्या नोंदी वाचून झाल्या की यादी रिकामी होते. खाली आणखी काही सरकत येत नाही, "तुम्हाला हेही आवडेल" असं कुणी म्हणत नाही. नोंदी तारखेच्या क्रमाने येतात. कुणाचं पुस्तक जास्त खपतंय म्हणून ते वर, असा प्रकार नाही. आमच्या भागातल्या एका ग्रंथालयाच्या फीडमध्ये एकदा शेळीपालनाचं पुस्तक, एक कवितासंग्रह आणि स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शक असं एकाखाली एक आलं होतं. पुस्तकांची गाठोडी सुटली तशी. मला ते फार आवडलं.

याचा इतिहास थोडक्यात सांगते. मार्च १९९९मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या पोर्टलसाठी पहिली आवृत्ती काढली, २००२मध्ये आरएसएस २.० आलं, २००५च्या डिसेंबरात ॲटम नावाचा भाऊबंद रीतसर मानक म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी गुगल रीडर सुरू झालं, आणि १ जुलै २०१३ला गुगलनं ते बंद केलं. तेव्हापासून "फीड मेलं" असं सांगणारे भेटत राहतात. त्यांच्या कानात रोज जे पॉडकास्ट वाजतं ते बहुधा फीडवरूनच येतं, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. २०००च्या अखेरीस फीडच्या नोंदीला ध्वनिफीत जोडायची सोय झाली आणि त्यातून पुढे पॉडकास्ट उभं राहिलं. गुगल रीडर बंद झालं तेव्हा लोकांनी आपापल्या फीडची यादी एका फाइलीत उतरवून घेतली आणि दुसऱ्या ॲपमध्ये नेऊन चढवली. मीही तेच केलं. यादी आपल्या हातात राहते, दुकान बदललं तरी चालतं. व्हॉट्सॲपचा ग्रुप असा उचलून दुसरीकडे नेता येईल का, विचार करून बघा.

आता खरी गंमत. वाचनालयाची बातमी म्हणजे "अमुक दिवशी सुट्टी" किंवा "तमुक व्याख्यान" एवढंच नसतं. ग्रंथालयाची तालिका, म्हणजे तिथल्या सगळ्या पुस्तकांची यादी, स्वतःच रोज बदलत असते. कोहा नावाची ग्रंथालयाचं काम चालवणारी एक मुक्त संगणक प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की गडबडणार होती, म्हणून त्यांनी ही नवी करून घेतली आणि जानेवारी २०००मध्ये वापरायला काढली. मग सगळ्यांसाठी खुली करून टाकली. आज आपल्याकडची कितीतरी महाविद्यालयं आणि विद्यापीठं ती वापरतात. कोहाच्या ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन तालिकेवर, काहीही शोधलं की निकालाच्या पानावर फीडची छोटी नारिंगी खूण असते. त्या खुणेमागचा दुवा उचलून आपल्या ॲपमध्ये टाकला की तो शोध कायमचा जागा राहतो. त्या विषयावरचं नवं पुस्तक दाखल झालं की आपल्याला कळतं. दाखल तारखेनुसार, नवं ते आधी.

मी सातपूरला हिशेबाच्या खात्यात काम करते, पण वाचते पाण्याबद्दल. नद्या, कालवे, धरणं, दुष्काळ. आपल्या जिल्ह्यातल्या मोसम आणि आराम या नद्यांवर, आणि पलीकडे धुळ्याच्या पांझरेवर, फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि पाण्याची पाळी गावानं मिळून ठरवायची. या विषयावर वर्षाकाठी पुस्तकं येतात किती? फार नाहीत. अशा विषयासाठी रोज तालिका उघडून बसणं म्हणजे कोरड्या पाटाकडे टक लावणं. म्हणून फड, बंधारे, गोदावरी, पाटबंधारे असे शोध मी वेगवेगळ्या ओपॅकवर लावून ठेवलेत. महिनोन्महिने काही येत नाही, आणि न येण्याचा काही त्रासही होत नाही. तीन-चारशे फीड गप्प बसले तरी ॲपमध्ये त्यांची अडगळ होत नाही. फार लिहिणाऱ्यापेक्षा क्वचित बोलणाऱ्यासाठी फीड जास्त कामाचं, हे माझं मत.

मराठीत मात्र हे शोध लावायला चिकाटी लागते. एका ग्रंथालयात शीर्षकं देवनागरीत नोंदवलेली, दुसऱ्यात रोमन लिपीत, तिसऱ्यात निम्मी अशी निम्मी तशी. 'बंधाऱ्याचे पाणी' असं शोधलं तर त्यातला ऱ्य संगणकाच्या लेखी दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, यंत्राला दिसत नाहीत. त्यामुळे मी 'बंधारा' असा बिनधोक शब्द धरते, आणि प्रत्येक विषयासाठी रोमन लिपीतला एक जोडफीड ठेवते. काही जुन्या तालिका युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. त्यातून फीडमध्ये येतं ते अगम्य चिन्हांचं कडबोळं. त्यालाही मी काढून टाकलेलं नाही. अधूनमधून एखादी वर्षसंख्या शाबूत असते, तिच्यावरून अंदाज बांधता येतो.

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयानं गेल्या काही काळात आपला जुना संग्रह संगणकावर चढवायला घेतला, तेव्हा माझ्या फीडला पूर आला. कारण असं. कोहात प्रत नोंदवताना दाखल तारखेचा रकाना मोकळा सोडला तर प्रणाली त्या दिवसाची तारीख घालते. जुन्या दाखल नोंदवहीतली तारीख शोधून भरायची तर प्रत्येक पुस्तकामागे पान उलटावं लागतं, आणि ते काम करणारी मुलं पुस्तकामागे पैसे मिळणारी. ती रकाना मोकळा सोडणारच. परिणाम असा की सकाळी चहासोबत माझ्यासमोर 'नवीन' म्हणून यायला लागले ते पाऊणशे वर्षांपूर्वीचे पाटबंधारे खात्याचे अहवाल, बरखास्त झालेल्या सहकारी संस्थांच्या स्मरणिका, आणि एके दिवशी १८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर.

ग्रंथालयशास्त्राच्या हिशेबानं ही नोंदीतली ढिलाई. माझ्या हिशेबानं त्या मुलांनी कपाटंच्या कपाटं माझ्यापुढे रिती केली. ती पुस्तकं तिथे होतीच, पण तालिकापत्रं कुठल्याशा खोलीत, आणि बंद कपाटातलं पुस्तक नावानिशी मागितल्याशिवाय मिळत नाही. नाव माहीत असायला आधी ते कुठेतरी दिसावं लागतं. पन्नास-साठ वर्षांत कुणीही न मागितलेला कालव्यांवरचा एक अहवाल मी असाच मागवला. कपाटाच्या किल्लीसाठी शिपाई तीन खोल्या फिरले. देवघेवीच्या चिठ्ठीवर आधीचा एकही शिक्का नव्हता. वाचक म्हणून मला विचाराल तर तारखा आणखी काही वर्षं अशाच चुकत राहोत.

आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. १९५८च्या सुमारास आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी एक कल्पना मांडली. प्रत्येक शास्त्रज्ञाच्या आवडीच्या विषयांची नोंद यंत्राकडे ठेवायची, नवा कागद आला की त्यातले शब्द त्या नोंदीशी ताडून बघायचे आणि जुळेल त्याला कळवायचं. ग्रंथपालांच्या अभ्यासक्रमात हे निवडक माहिती सेवा म्हणून शिकवतात. देवघेवीच्या खिडकीतला तो माणूस हेच करत होता, डोक्यातल्या डोक्यात. लूनच्या कल्पनेत वाचकाची नोंद संस्थेकडे असते. माझ्या जाग्या शोधांत ती माझ्याकडे असते; ग्रंथालयाच्या यंत्राला एवढंच कळतं की 'बंधारा' हा शोध कुणीतरी पुन्हा विचारतंय. फोन कंपन्यांनी आवडीनिवडींचं काय करून ठेवलंय ते बघता हा फरक मला मोठा वाटतो.

पण खिडकीतल्या माणसाची बरोबरी फीड करत नाही. तो माणूस कधीकधी मी न मागितलेलंच पुस्तक काढून ठेवायचा. "हे तुमच्या विषयाचं नाही, पण बघा." फीडमध्ये 'पण बघा' नाही. तुम्ही जेवढं विचाराल तेवढंच. याच्या उलट टोकाला आपल्याच गावातली ग्रंथपेटी. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम विनायक रानडे यांनी २००९मध्ये सुरू केला. पुस्तकांनी भरलेली पेटी वाचकांच्या गटाकडे येते, काही महिन्यांनी दुसरी येते. पेटीत काय असेल ते आपण ठरवत नाही. परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत या पेट्या पोचल्या. आमच्या सोसायटीतल्या दोघीतिघींच्या घरी पेटी असते, आणि त्यांच्याकडे चहाला गेलं की मी आधी पेटीत डोकावते. पाण्याबाहेरचं माझं निम्मं वाचन तिथून होतं.

व्यवहारातली एक अडचण सांगायला हवी, कारण तिनं मी वैतागले आहे. वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार प्रणालीवर, असेल तर फीड आपोआप तयार असतं, संस्थेला पत्ता नसला तरी. वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजी स्पेलिंगात फीड लिहायचं, बहुधा मिळतं. पण त्यात मुळात दहाच नोंदी राहतात. ग्रंथपालांनी एका दुपारी बसून चाळीस पुस्तकांच्या चाळीस नोंदी टाकल्या, की तीस नोंदी फीडच्या तळातून गळून जातात आणि माझं ॲप संध्याकाळी पोचतं तेव्हा शेवटच्या दहाच दिसतात. हा आकडा सेटिंगमध्ये वाढवता येतो. किंवा एका दिवसाची पुस्तकं एकाच नोंदीत टाकावीत, तेही चालतं. वेबसाइटची वेळ भारताची लावलेली नसेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो, पण तो सोडून देण्याजोगा.

हे सगळं मी त्या ग्रुपवाल्या वाचनालयात जाऊन सांगितलं. दसऱ्यानंतरचे दिवस होते, म्हणजे दिवाळी अंकांच्या योजनेची वर्गणी भरायची लगबग. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक या दिवसांत जरा वेडाच होतो. अंक काही एका दिवशी येत नाहीत. आज चार, परवा सात, काही तर तुळशीचं लग्न झाल्यावर. "आला का?" म्हणून फोन करकरून लोक ग्रंथपालांना भंडावून सोडतात. फीडसाठी याहून चांगलं काम दुसरं कुठलं?

"ताई, ग्रुपवर टाकतोच की मी," ग्रंथपाल म्हणाले. "सगळे बघतात."

"सगळे कुठे बघतात, सर? निम्म्यांनी ग्रुप म्यूट केलाय."

त्यांनी चष्मा वर सरकवला. वेबसाइट त्यांच्या भाच्यानं केलेली, वर्डप्रेसचीच. मी तिथल्या तिथे फीड उघडून दाखवलं. दोन वर्षांपूर्वीची वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना सगळ्यात वर होती. ते हसले. मग आम्ही ठरवलं की रोज संध्याकाळी, बंद करायच्या आधी, त्या दिवशी आलेल्या अंकांची नावं टंकून एक नोंद वेबसाइटवर टाकायची. फोटो नको, नुसती नावं. टंकायला पाच मिनिटं. ग्रुपवर हवं तर त्याच नोंदीचा दुवा टाकावा, म्हणजे दोन्हीकडचे लोक एकाच जागी येतील. दोनदा काम करायला लागू नये ही त्यांची अट होती, आणि ती रास्त होती. अख्ख्या वाचनालयात पगारी माणसं तीन.

त्या दिवाळीत त्यांनी खरंच नोंदी टाकल्या, एकदोन रविवार सोडले तर. मी माझ्या दोन मैत्रिणींच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं. एकीनं आठवडाभरात काढून टाकलं, तिला ग्रुपचीच सवय. दुसरीनं त्यात आपल्या गावाकडच्या वाचनालयाची वेबसाइट, मराठी विकिस्रोतावरचे अलीकडील बदल आणि व्याख्यानांचे दोन यूट्यूब चॅनेल असं बरंच काही भरलं. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड असतं हे तिनंच मला सांगितलं.

एका संध्याकाळी मला हव्या असलेल्या अंकाचं नाव फीडमध्ये दिसलं. ऑफिसातून सुटल्यावर त्र्यंबक रोडच्या गर्दीतून वाट काढत बंद व्हायच्या आत पोचले. अंक गेलेला. कुणीतरी बांधणीचा दोरा सोडतानाच काउंटरवरून नेला होता.

"तुमच्या त्या फीडमध्ये अंक आत आहे की बाहेर, ते येतं का?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नाही येत, सर."

"मग फोन करूनच येत जा," ते म्हणाले, आणि माझं नाव मागणीच्या वहीत चौथ्या नंबरवर लिहिलं.